प्राण्यांमधील गाठी आणि दुर्मिळ आजार : निदान कसे होते, आणि त्यात तुमचा वाटा काय?

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब सहा वर्षांच्या लॅब्राडॉरला घेऊन माझ्याकडे आले होते. त्याच्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ होती. मऊ, कातडीखाली हलणारी, दाबली तरी न दुखणारी. मी दोन बोटांनी चाचपली आणि म्हणालो, "चरबीची गाठ आहे. या वयात, या वजनात होतेच. काळजी करू नका." घरातल्या आजींनी विचारले, "तपासायला नको का, डॉक्टर?" मी हसून म्हणालो, "गरज नाही, आजी."

आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा गाठ लाल झाली होती, कधी फुगायची, कधी ओसरायची. कुत्रा उलट्या करत होता आणि शी काळी, डांबरासारखी होत होती. आता मी सुई घातली. पाच मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसल्या. ती मास्ट सेल ट्यूमर नावाची कर्करोगाची गाठ होती आणि काखेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचली होती. ही पाच मिनिटांची तपासणी आठ महिन्यांपूर्वीही करता आली असती. आजींनी विचारलेही होते.

तेव्हापासून मी हात लावून गाठीचे नाव सांगत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तसे सांगितले, तर "हे कशावरून ठरवले?" असे विचारायला संकोच करू नका. हा लेख मुख्यतः त्या प्रश्नाबद्दल आहे.

हाताला गाठ लागली, तर

घाबरू नका, पण वाटही पाहत बसू नका. कुत्र्यांच्या कातडीवरच्या पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. अडचण एवढीच की निरुपद्रवी कोणती आणि घातक कोणती, हे बाहेरून कळत नाही. मास्ट सेल ट्यूमर तर नकला करण्यात पटाईत. तो चामखीळ वाटतो, किडा चावल्यासारखा वाटतो, चरबीच्या गाठीसारखा मऊही असतो. "कमी-जास्त होते, म्हणजे कॅन्सर नाही" असे बरेच जण समजतात. मास्ट सेलच्या बाबतीत हे अगदी उलटे आहे. त्या पेशींमध्ये हिस्टामीन भरलेले असते. गाठ चोळली, दाबली की ते सुटते आणि भोवतालची जागा सुजते. तेच हिस्टामीन रक्तातून जठरापर्यंत जाऊन तिथे जखमा करते. म्हणून त्या लॅबची शी काळी झाली होती.

पशुकर्करोगतज्ज्ञ एक सोपा नियम वापरतात : गाठ एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल आणि महिनाभर टिकली असेल, तर तिच्यात सुई घालून बघायचीच. त्याआधीही ती भराभर वाढली, चिघळली किंवा तिच्यातून रक्त आले, तर महिना थांबायचे कारण नाही.

घरी तुम्ही करायचे ते एवढेच. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. "वाटाण्याएवढी होती, आता बोराएवढी झाली" यापेक्षा तीन आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो आम्हाला फार उपयोगी पडतात. गाठीवर हळद-चुना लावू नका, मुळाशी दोरा बांधून ती पाडायचा प्रयत्न करू नका. दोऱ्याने वरचा भाग झडतो, मूळ तसेच राहते आणि तपासायला उरतो तो सडलेला तुकडा.

मांजरांबाबत आणखी एक सांगायचे. लस किंवा इंजेक्शन टोचलेल्या जागी छोटी गाठ येते आणि बहुधा काही आठवड्यांत विरते. पण ती तीन महिन्यांनंतरही असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली असेल, किंवा टोचल्यानंतर महिना उलटूनही वाढत असेल, तर बायोप्सी हवीच. तिथे होणारा सार्कोमा हा कर्करोग क्वचित आढळतो, पण तो फार खोलवर मुळे धरतो.

मांजरीच्या स्तनातली गाठही "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून सोडू नका. कुत्रीच्या स्तनातल्या साधारण निम्म्या गाठी घातक निघतात. मांजरीत हे प्रमाण दहापैकी आठ-नऊ इतके आहे.

सुईची तपासणी : काय सांगते, काय सांगत नाही

या तपासणीला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनसाठी वापरतो तीच बारीक सुई गाठीत दोन-तीन वेळा फिरवायची, आत अडकलेल्या पेशी काचेवर उडवायच्या, रंग द्यायचा आणि पाहायचे. बहुतेक वेळा भूल लागत नाही. चरबीची गाठ असेल तर काचेवर तेलाचे थेंब दिसतात. गळू असेल तर पू येतो. मास्ट सेल असेल तर ते दाणे दिसतात.

इथे हमखास एक प्रश्न येतो : "सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ना?" जवळजवळ सर्व गाठींच्या बाबतीत उत्तर आहे, नाही. मूत्राशयातली गाठ हा ठळक अपवाद. पोटावरून सुई घातली तर तिच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजू शकतात, म्हणून तिथे नळीने लघवी आणि पेशी घेतात. प्लीहेतल्या, म्हणजे पाणथरीतल्या रक्ताळ गाठीत सुई घालतानाही आम्ही दहादा विचार करतो, कारण तिथे रक्तस्रावाची भीती असते. एरवी सुईपेक्षा न तपासता थांबण्याचा धोका मोठा.

पण सुईला मर्यादाही आहेत. तिच्यात सुट्या पेशी येतात, त्यांची रचना येत नाही. विटा पाहून इमारत कशी होती ते सांगण्यासारखे आहे हे. काही गाठी पेशी सोडतच नाहीत आणि काचेवर नुसते रक्त येते. अशा वेळी "सुईत काही निघाले नाही" याचा अर्थ "गाठ साधी आहे" असा होत नाही. त्याचा अर्थ फक्त "अजून कळलेले नाही" असा असतो. हा फरक नीट समजून न घेतल्यामुळे निर्धास्त झालेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत.

बायोप्सी : तुकडा, बरणी आणि कागद

सुईने उत्तर मिळाले नाही, किंवा गाठ किती आक्रमक आहे हे ठरवायचे असले, की मांसाचा तुकडा लागतो. कधी आधी छोटा तुकडा घेतात, कधी पूर्ण गाठच काढून तपासायला पाठवतात. आधी नाव कळले तर फायदा असा, की सर्जन कातडी किती अंतरावर कापायची हे ठरवू शकतो. मास्ट सेलमध्ये गाठीच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आणि खालचा एक पडदा इतके सोडून काढावे लागू शकते. चरबीची समजून कडेकडेने काढली, तर मागे पेशी राहतात आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड होते.

एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगतो. काढलेली गाठ फेकू देऊ नका. "काढून टाकली ना, आता कशाला तपासायची?" असे म्हणून पैसे वाचवणारी कुटुंबे भेटतात, आणि तसे म्हणणारे डॉक्टरही. गाठ काढणे हा उपचार झाला. ती काय होती, कडेपर्यंत पेशी होत्या का, ती परत येईल का, ही सर्व उत्तरे त्या तुकड्यातच असतात.

तुकडा नेण्याची जबाबदारी कधी कधी तुमच्यावरच येते, विशेषतः तालुक्याच्या गावी. तेव्हा हे लक्षात असू द्या. तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये हवा, आणि द्रव तुकड्याच्या साधारण दहापट. तुकडा सलाइनमध्ये ठेवू नये आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नये, गोठल्याने पेशी फुटतात. बरणी रुंद तोंडाची घ्या. मऊ असताना आत गेलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये कडक होतो आणि मग अरुंद तोंडातून बाहेर येत नाही, हे प्रत्येक जण एकदा तरी शिकतो. सुईच्या काचा त्याच पिशवीत ठेवू नका, कारण फॉर्मेलिनच्या वाफेने त्यांचा रंग बिघडतो.

नमुना कुणाकडे जातो, हेही महत्त्वाचे. कोपऱ्यावरची माणसांची लॅब सोयीची असते, पण प्राण्यांच्या पेशी वाचायला पशुरोगनिदानतज्ज्ञ, म्हणजे व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्ट लागतो. खासगी पशुलॅब कुरिअरने नमुने घेतात. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १८८६), तसेच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरच्या महाविद्यालयांत पॅथॉलॉजी विभाग आहेत. नमुना कधी आणि कसा घेतात ते आधी फोनवर विचारून घ्या.

सोबतच्या कागदावर प्राण्याचे वय, जात, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, गाठ नेमकी कुठे, किती दिवसांपासून आणि आतापर्यंत कोणती औषधे दिली, हे सगळे लिहिलेले आहे ना, ते पाहा. नुसते "कुत्रा, गाठ" असे लिहून पाठवलेल्या नमुन्यांवर येणारे रिपोर्टही तेवढेच मोघम असतात.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. पहिली, गाठीचे नाव. दुसरी, ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे. तिसरी, मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी आहेत की नाहीत. रिपोर्ट आणि समोरचा प्राणी यांचा मेळ बसत नसेल, तर त्याच काचा दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. त्यात कुणाचा अपमान नाही.

चुकीच्या नावाने घाबरवणारी एक गाठ

आपल्याकडे गावठी कुत्री दत्तक घेणारी घरे वाढली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणून टीव्हीटी या गाठीबद्दल जरा सविस्तर लिहितो. भटक्या कुत्र्यांची नसबंदी झालेल्या श्रीमंत देशांत ती आता क्वचित दिसते. आपल्याकडे मात्र आठवड्याला एखादी तरी येतेच.

कुत्रीच्या योनीत किंवा कुत्र्याच्या लिंगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, लालसर, ठिसूळ गाठ येते आणि थेंब थेंब रक्त गळत राहते. घरच्यांना वाटते, हीटवर आली असेल. महिना झाला, दोन महिने झाले, तरी रक्त थांबत नाही. कधी हीच गाठ नाकात असते. मग एका नाकपुडीतून रक्त येते, कुत्रा शिंकतो, नाक एका बाजूने फुगते. एकमेकांना हुंगण्या-चाटण्यातून ती तिथे पोचलेली असते.

हा विषाणू नाही. या गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि कलम लावल्यासारख्या तिथे रुजतात. जनुके तपासल्यावर कळले की जगभरच्या या सर्व गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आल्या आहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशीत बहुधा ५९ च्या आसपास. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ मध्ये ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. कर्करोग असा लावता येतो, हे त्या काळात दाखवणारा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी की काच नुसती गाठीला टेकवली तरी पुरेशा पेशी मिळतात. गोल पेशी आणि त्यांच्यात रांगेने बसलेले स्वच्छ बुडबुडे दिसले, की निदान बहुधा झालेच. आणि ही बहुतेक वेळा पूर्ण बरी होणारी गाठ आहे. व्हिनक्रिस्टिन हे इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते सहा आठवडे. दर वेळी आधी रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. औषध शिरेबाहेर गेले तर कातडी सडू शकते, म्हणून ते सवयीच्या हातानेच द्यावे.

माणसांत हा आजारच नाही. त्यामुळे माणसांच्या लॅबमधल्या तज्ज्ञाने तो कधी पाहिलेला नसतो. "गोल पेशींचा घातक ट्यूमर" एवढ्याच शब्दांचा रिपोर्ट हातात घेऊन एक तरुण जोडपे रडत माझ्याकडे आले होते. कुत्रीला "झोपवायचे" का, हे विचारायला. काचा त्यांनी सोबत आणल्या होत्या, हे नशीब. सहाव्या इंजेक्शनला ती कुत्री माझ्या टेबलावर चढायलाच तयार नव्हती, इतकी ताकद आली होती.

गाठ नाही, पण काहीतरी बिघडले आहे

दुर्मिळ आजारांचे निदान बहुधा नेहमीचे आजार बाजूला सारत सारत होते. आपल्याकडे हा क्रम सोडून चालत नाही. नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके, फुगलेली पाणथरी, मान-काखेत अवधाण आल्यासारख्या सुजलेल्या ग्रंथी, हे सगळे लिम्फोमा या कर्करोगात दिसते आणि गोचीड तापातही. गोचीड ताप आपल्याकडे पावलोपावली आहे. म्हणून डॉक्टर आधी रक्ताची काच, प्लेटलेट आणि गोचीड तापाची चाचणी करतात. त्याला टाळाटाळ समजू नका.

पण नेहमीच्या आजाराचे औषध देऊनही गाडी त्याच जागी परत येत असेल, तर वेगळा विचार करायलाच हवा. दोन उदाहरणे देतो.

आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदाच झटके येऊ लागतात. फिट म्हणून गोळ्या सुरू होतात. घरातला कुणी तरी सहज सांगतो, "सकाळी उपाशीपोटी किंवा खूप खेळल्यावरच येतात हो." हे वाक्य सोन्याचे आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ असेल, तर भुकेच्या वेळी रक्तातली साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली जाते आणि मेंदू उपाशी पडतो. निदानासाठी साखर कमी असतानाच इन्सुलिन मोजतात, ते तेव्हा कमी असायला हवे, पण या आजारात नसते. एक खबरदारी मात्र हवी. रक्त नळीत तसेच तासन्‌तास पडून राहिले, तर तांबड्या पेशीच साखर खातात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. म्हणून साखर लगेच मोजलेली असावी.

दुसरा आजार अ‍ॅडिसनचा. तरुण किंवा मध्यम वयाची कुत्री, दर काही आठवड्यांनी उलट्या, अशक्तपणा, थरथर. सलाइन लावले की दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. पाहुणे आले, बोर्डिंगमध्ये ठेवले, दिवाळीचे फटाके वाजले, की पुन्हा तेच. "हिचे पोटच नाजूक" असे घरात ठरून जाते. प्रत्यक्षात मूत्रपिंडाशेजारच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकलेल्या असतात. रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसले की संशय येतो, पण काही जणींत तेही नॉर्मल असते. कॉर्टिसोल २ मायक्रोग्रॅमच्या वर असेल, तर हा आजार जवळजवळ नाहीच. खाली असेल, तर एसीटीएच देऊन पुन्हा मोजावे लागते. निदान झाले की गोळ्यांवर ही कुत्री म्हातारी होईपर्यंत जगतात. निदान झाले नाही, तर एखाद्या झटक्यात जातात.

इथे एक सूचना, आणि ती मी कितीही वेळा सांगायला तयार आहे : निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नका. स्टेरॉइडने प्राणी दोन दिवसांत ताजातवाना दिसतो, म्हणून ते सर्रास दिले जाते. पण लिम्फोमाच्या ग्रंथी त्याने तात्पुरत्या बसतात आणि सुईत काही सापडत नाही. प्रेडनिसोलोनमुळे कॉर्टिसोलची चाचणीही चुकते. आधीच दिले असेल, तर तसे सांगा, लपवू नका. आणि माणसांच्या डब्यातले पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

ससा म्हणजे लहान कुत्रा नव्हे

ससे, गिनीपिग, पक्षी हे निसर्गात इतरांचे भक्ष्य. आजारपण दाखवले की जीव जातो, म्हणून ते शेवटपर्यंत लपवतात. "काल तर खात होता" हे वाक्य यांच्याबाबत बहुधा खरे असते, आणि म्हणूनच फसवे. वजन मात्र खोटे बोलत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा.

सशीण तीन-चार वर्षांची झाली आणि नसबंदी केलेली नसेल, तर गर्भाशयाचा कर्करोग डोक्यात ठेवायलाच हवा. काही अभ्यासांत चार वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त माद्यांत तो सापडला आहे. पहिली खूण म्हणजे लघवीत रक्त. पण सशाची लघवी अन्नातल्या रंगद्रव्यांमुळेही लाल-केशरी होते. लघवीत चाचणीची पट्टी बुडवली की रक्त की रंग, ते मिनिटभरात कळते. रक्त असेल तर सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे, फुप्फुसात पसरले आहे का ते पाहायला. आणि सशाला ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होतच नाही आणि उपाशी राहिला की आतडे बंद पडते. सशाच्या जबड्यावरची गाठ मात्र बहुधा दाताच्या मुळाशी झालेले गळू असते. त्याचा पू पनीरसारखा घट्ट असतो, म्हणून ते फुटत नाही आणि ट्यूमरसारखे टणक लागते.

पांढऱ्या उंदराच्या मादीला मानेपासून जांघेपर्यंत कुठेही मोठी गाठ आली, तर ती बहुधा स्तनाची आणि बहुधा साधी असते. उंदराच्या स्तनाच्या ऊती अंगभर पसरलेल्या असतात, म्हणून ती पाठीच्या कडेलाही येते.

बजी पक्ष्यांना आपल्याकडे बरेच जण लव्हबर्डच म्हणतात. बजी एका पायाने लंगडू लागला की पाय मुरगळला असे वाटते. एक्स-रेत हाड धड असेल, तर पोटात पाहावे लागते. मूत्रपिंडाची किंवा अंडकोशाची गाठ त्या पायाच्या नसेवर दाब देत असते. नराच्या चोचीवरचा निळा मऊ भाग तपकिरी होऊ लागला, तर अंडकोशाच्या गाठीतून मादीचे हार्मोन सुटत असण्याची शंका घ्यावी. बजीचे वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. एका वेळी जास्तीत जास्त वजनाच्या एक टक्का, म्हणजे सहा-आठ थेंब रक्त घेता येते. त्यात पक्ष्यांच्या आणि कासवांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असल्याने माणसांच्या रक्ताची यंत्रे चुकीचे आकडे देतात. पेशी काचेवर डोळ्यांनी मोजाव्या लागतात. यातल्या पोटातल्या गाठींवर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया शक्य नसते, हेही आधीच सांगायला हवे.

टाकीतल्या लाल कानाच्या कासवाच्या डोळ्यामागे एक किंवा दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. ट्यूमर म्हणून घाबरून आणलेली अशी कासवे मी पुष्कळ पाहिली. तो जवळजवळ नेहमी कानातला घट्ट, सुकलेला पू असतो. नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढवल्याने होणारी अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि टाकीतले घाण पाणी ही त्यामागची नेहमीची कारणे. भूल देऊन तो खडा काढावा लागतो. जीवनसत्त्वाची इंजेक्शने आपल्या मनाने देऊ नका, जास्तीचे अ जीवनसत्त्व कासवाची कातडी सोलून काढते.

तारा कासव आणि आपले हिरवे पोपट घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तरी आजारी प्राण्याला त्या भीतीने घरात मरू देऊ नका. तो कुठून आला, काय खातो, हे उपचार करणाऱ्याला खरे सांगा. खोट्या माहितीवर खरे निदान होत नाही.

किती पुढे जायचे?

प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, "या रिपोर्टने आपण काही वेगळे करणार आहोत का?" चौदा वर्षांच्या, मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या कुत्र्याच्या यकृतातल्या गाठीची बायोप्सी करून नाव कळेल, पण उपचार बदलणार नसेल, तर ती न करणे हा निष्काळजीपणा नाही. याउलट, पैसे मोजके असतील तर ते आधी सुईवर खर्च करा, नुसत्या टॉनिकांवर नको. काही मोठ्या शहरांत प्राण्यांसाठी सीटी स्कॅनही आहे. त्याचा खरा उपयोग नाकातल्या, जबड्यातल्या गाठींत आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या आखणीत होतो.

दवाखान्यात येताना मोबाइलमधले व्हिडिओ घेऊन या. झटका, खोकला, लंगडणे, खाल्लेले बाहेर येताना पोट आवळते की अन्न नुसतेच घरंगळते, हे सगळे टेबलावर प्राणी कधीच करून दाखवत नाही. पक्षी त्याच्या पिंजऱ्यासकट आणा आणि पिंजरा धुऊन आणू नका. खालची विष्ठा आम्हाला पाहायची असते.

आणि निदानाआधीच प्राणी गेला तर? घरात आणखी पक्षी किंवा ससे असतील, तर शवविच्छेदन जरूर करून घ्या. देह पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वर बर्फात नको, आणि शक्यतो चोवीस तासांत आणा. बजी पाळणाऱ्या एका घरात आठवड्यात दोन पक्षी गेले होते. भरपूर खात असूनही वाळत गेले होते, आणि घरच्यांना कर्करोगाची शंका होती. त्यांनी तिसरा मेलेला पक्षी डब्यात घालून आणला. त्याच्या जठरात मॅक्रोरॅब्डस नावाची, काडीच्या आकाराची बुरशी सापडली. मग उरलेल्या अकरा पक्ष्यांची विष्ठा काचेवर घेऊन पाहिली, चौघांत तीच निघाली, आणि त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात हलवून त्याच संध्याकाळी औषध सुरू केले.